मापाने बनवलेलं औषध, कोणाच्या जबाबदारीवर?

कारखान्यातून आलेली गोळी लिहून देताना डॉक्टरांना बऱ्याच गोष्टी स्वतः तपासाव्या लागत नाहीत. गोळीत औषध नेमकं किती आहे, ते पोटात किती वेळात विरघळतं, बाटली उघडल्यावर किती दिवस टिकतं, इंजेक्शन निर्जंतुक आहे की नाही, हे सगळं कंपनीने तपासून नोंदवायचं आणि औषध नियंत्रकाने पारखायचं असतं. तेच औषध एखाद्या रुग्णासाठी फार्मासिस्टकडून वेगळं बनवून घ्यायचं ठरलं, म्हणजे गोळीचं पातळ औषध, वेगळ्या ताकदीचे थेंब, तीन औषधांचं एक मलम, तर त्या रूपातल्या औषधाची अशी परीक्षा कोणी घेतलेली नसते. चिठ्ठीवरची सही मात्र तीच असते.

अशी औषधं लिहून द्यावीत का, आणि द्यायची तर कधी, यावर डॉक्टरांमध्ये अनेक वर्षं मतभेद आहेत. बालरोगतज्ज्ञ त्यांना अपरिहार्य मानतात. अंतःस्रावतज्ज्ञांच्या संघटना हार्मोनच्या बाबतीत त्यांना ठाम विरोध करतात. नेत्रतज्ज्ञ त्यांच्याशिवाय काम करू शकत नाहीत, आणि घाबरूनही असतात. हा सगळा वाद वाचत गेल्यावर माझं मत असं झालं की ‘कंपाउंडिंग (असं औषध बनवून देणं) चांगलं की वाईट’ या प्रश्नाला उत्तरच नाही. औषध बनवून घेण्याची कारणं वेगवेगळी असतात. गरज, टंचाई, किंमत आणि हौस ही चार कारणं एकाच पारड्यात टाकली की चर्चा भरकटते.

आपल्याकडच्या पन्नाशीपुढच्या वाचकांना हे काम नवीन नाही. दवाखान्यातल्या लाकडी खिडकीआड बसलेला कंपाउंडर, लाल-गुलाबी मिक्श्चरची बाटली, तिच्यावर डोस दाखवणारी कातरलेली कागदी पट्टी आणि गोळ्या कुटून बांधलेल्या पुड्या हेच कित्येक वर्षं औषध होतं. १९४०च्या औषध कायद्याखालच्या नियमांतलं ‘परिशिष्ट के’ डॉक्टरांना स्वतःच्या रुग्णापुरतं औषध देण्याची सवलत देतं. १९४८च्या फार्मसी कायद्याचं कलम ४२ औषध मिसळून देण्याचं काम नोंदणीकृत फार्मासिस्टकडे सोपवतं आणि स्वतःच्या रुग्णांना औषध देणाऱ्या डॉक्टरांना त्यातून वगळतं. पुढे तयार औषधांचे स्वस्त ब्रँड गावोगावच्या मेडिकलमध्ये पोचले आणि मिक्श्चरची बाटली मागे पडली.

अमेरिकेतही विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात निम्म्याहून अधिक औषधं दुकानातच तयार होत. दुसऱ्या महायुद्धानंतर कारखान्यांनी ते काम घेतलं. पण १९८०-९०च्या दशकांत तिथे ही जुनी कला नव्या रूपात परतली, आणि या वेळी तिच्यामागे भांडवल होतं. १९९७ मध्ये अमेरिकी संसदेने औषध कायद्यात कलम ५०३-ए आणलं. कंपाउंडिंग करणाऱ्या औषधालयाला नव्या औषधाच्या मंजुरीतून सूट मिळाली, पण नाव असलेल्या एका रुग्णासाठी डॉक्टरांचं प्रिस्क्रिप्शन हवं, ही अट आली. बाजारात मिळणाऱ्या औषधासारखंच औषध बनवायचं असेल, तर त्यात केलेला बदल त्या रुग्णासाठी महत्त्वाचा आहे, असा निर्णय डॉक्टरांनी घेतलेला असला पाहिजे. म्हणजे कायद्याने सगळा भार डॉक्टरांच्या निर्णयावर ठेवला. या कायद्यात अशा औषधांच्या जाहिरातीवर बंदीही होती. ती सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्ये पाच विरुद्ध चार मतांनी रद्द केली. कायद्याच्या उरलेल्या भागाचं काय, यावर वेगवेगळ्या न्यायालयांनी वेगवेगळे निकाल दिले आणि दहा वर्षं गोंधळ राहिला.

गरजेपासून सुरुवात करू, कारण तिथे मतभेद सगळ्यात कमी आहेत. मोठ्यांसाठी मंजूर झालेली असंख्य औषधं फक्त गोळीच्या रूपात येतात. दीड किलोच्या बाळाला हृदयविकारासाठी स्पायरोनोलॅक्टोन द्यायचं, किंवा स्नायू ताठरलेल्या मुलाला नळीतून बॅक्लोफेन द्यायचं, तर अनेकदा कोणाला तरी गोळीचं पातळ औषध करावं लागतं. रंगाची किंवा लॅक्टोजची ॲलर्जी असलेला रुग्ण, गिळता न येणारा कर्करुग्ण, कंपनीने बनवणं बंद केलेल्या औषधावर जगणारा दुर्मीळ आजाराचा रुग्ण यांच्याबाबतीतही तेच. इथे फार्मासिस्टला नकार देणं म्हणजे आईला स्वयंपाकघरात गोळी कुटायला लावणं आहे, हे बालरोगतज्ज्ञांचं म्हणणं बिनतोड आहे.

आपल्याकडे ते रोज घडतं. रक्ताच्या कर्करोगावर मुलांना दीर्घकाळ घ्यावं लागणारं ६-मर्कॅप्टोप्युरिन वर्षानुवर्षं गोळ्या तोडून, अर्ध्या-पाव करून दिलं गेलं. टाटा मेमोरियल सेंटरच्या खारघरच्या ॲक्ट्रेक संस्थेने बंगळुरूच्या आयडीआरएस लॅब्जबरोबर या औषधाचं पातळ रूप विकसित केलं आणि २०२५ मध्ये ते जाहीर झालं. एखादं औषध तात्पुरतं बनवून घेण्याची गरज वारंवार पडते, तेव्हा त्याचं तपासलेलं, मंजूर रूप तयार करणं हाच खरा उपाय असतो. हे काम मुंबईच्या उंबरठ्यावर झालं, याचं मला मोल वाटतं.

पण गरज खरी असली म्हणून धोका कमी होत नाही. एकाच औषधाचं पातळ रूप रुग्णालयात एका ताकदीचं बनतं आणि घराजवळच्या औषधालयात दुपटीच्या ताकदीचं. आईला शिकवलेलं असतं ‘दोन मिली द्या’. बाटली बदलली, मिली तेच राहिले, आणि बाळाला दुप्पट औषध गेलं. अमेरिकेत मिशिगन राज्यातल्या डॉक्टर-फार्मासिस्टांनी म्हणून मुलांच्या पातळ औषधांची ताकद राज्यभर एकच असावी, अशी यादी केली. पुढे तिथल्या आरोग्यसंस्थांतल्या फार्मासिस्टांच्या राष्ट्रीय संघटनेनेही हे काम हाती घेतलं.

चूक कुठून शिरते ते सांगणाऱ्या दोन घटना बालरोगाच्या चर्चेत पुन्हा पुन्हा येतात. १९९८ मध्ये इंग्लंडमध्ये एका तान्ह्या बाळासाठी पेपरमिंट वॉटर बनवताना दुप्पट ताकदीच्या क्लोरोफॉर्म वॉटरऐवजी त्याचा मूळ अर्क वापरला गेला आणि ते बाळ दगावलं. २०१९ मध्ये स्पेनमध्ये आम्लपित्तासाठी ओमेप्राझोलचं पातळ औषध घेणाऱ्या डझनाहून अधिक बाळांच्या अंगावर दाट केस उगवले, कारण ओमेप्राझोलच्या डब्यात केस वाढवणारं मिनॉक्सिडिल होतं. औषधालयांनी मिश्रण बरोबर केलं होतं. कच्चा माल भारतातून आला होता आणि तपासात असं दिसलं की अदलाबदल मालागाच्या वितरकाकडे पुन्हा पॅक करताना झाली. बालरोगतज्ज्ञाने लिहिलेलं बरोबर, फार्मासिस्टने खललेलं बरोबर, आणि तरीही बाळाच्या पोटात चुकीचं औषध.

नेत्रतज्ज्ञांची कहाणी यापेक्षा गुंतागुंतीची आहे. बुबुळावर जिवाणूंचा व्रण झाला की बाजारातले थेंब अनेकदा पुरत नाहीत. सेफाझोलिन, टोब्रामायसिन, व्हँकोमायसिन यांचे तीव्र थेंब इंजेक्शनच्या कुपीतून तयार करावे लागतात आणि सुरुवातीला तासातासाला घालावे लागतात. हे काम महाराष्ट्रातल्या मोठ्या नेत्र रुग्णालयांतही चालतं आणि त्याला कोणाची हरकत नाही. वाद पेटला तो बेव्हासिझुमॅबवरून. आतड्याच्या कर्करोगासाठी मंजूर झालेलं हे औषध मायामीच्या बास्कम पामर संस्थेतल्या फिलिप रोझेनफेल्ड यांनी २००५ मध्ये म्हातारपणी पडदा खराब होणाऱ्या रुग्णाच्या डोळ्यात वापरून पाहिलं. त्याच कंपनीचं डोळ्यासाठीचं औषध, रॅनिबिझुमॅब, इंजेक्शनमागे सुमारे दोन हजार डॉलरला होतं. कर्करोगाच्या कुपीतून काढलेला डोळ्याचा डोस सुमारे पन्नास डॉलरला पडत होता. २०११ मध्ये अमेरिकी सरकारच्या पैशावर झालेल्या तुलनात्मक चाचणीत दोन्हींचा दृष्टीवरचा परिणाम सारखाच दिसला.

कुपी चार मिलीची आणि डोळ्याला लागतो मिलीचा विसावा भाग. म्हणून औषधालयं एका कुपीतून अनेक सिरिंजा भरतात. त्यातल्या कोणत्याही सिरिंजेत जंतू गेला तर रुग्णाचा डोळा जाऊ शकतो. २०११ मध्येच मायामी परिसरात एकाच औषधालयाने भरलेल्या सिरिंजांमुळे बारा रुग्णांच्या डोळ्यांत स्ट्रेप्टोकॉकसचा संसर्ग झाला आणि बहुतेकांची दृष्टी गेली. भारतात २०१६च्या जानेवारीत गुजरातमधल्या रुग्णांना या इंजेक्शननंतर त्रास झाल्यावर औषध महानियंत्रकांनी डोळ्यातल्या वापराविरुद्ध इशारा काढला. नेत्रतज्ज्ञांच्या अखिल भारतीय संघटनेने आक्षेप घेतला. ज्यांना महागडं औषध परवडत नाही त्यांच्यापुढे आंधळेपणाखेरीज काय उरतं, असा त्यांचा सवाल होता. मार्चमध्ये इशारा मागे घेतला गेला. माझ्या मते नेत्रतज्ज्ञांची भूमिका बरोबर होती. पण ती बरोबर ठरण्याची अट अशी की सिरिंज कुठे, कशी आणि किती वाजता भरली, हे त्यांना ठाऊक हवं.

किंमत हे कारण इथूनच पुढे येतं, आणि नैतिकदृष्ट्या हेच सगळ्यात अवघड आहे. २०१५ मध्ये अमेरिकेत टोक्सोप्लाझ्मोसिसवरच्या डाराप्रिम या जुन्या गोळीची किंमत साडेतेरा डॉलरवरून साडेसातशेवर नेली गेली. काही आठवड्यांतच एका कंपाउंडिंग कंपनीने त्यातलं पायरीमेथामाइन ल्युकोव्होरिनबरोबर एकत्र करून एक डॉलरच्या कॅप्सूलमध्ये देऊ केलं. नेदरलँड्समध्ये एका दुर्मीळ आनुवंशिक आजारावरच्या चेनोडीऑक्सिकोलिक आम्लाचा वार्षिक खर्च २०१७ मध्ये रुग्णामागे सुमारे दीड लाख युरोंवर गेला. तेव्हा ॲमस्टरडॅमच्या विद्यापीठ रुग्णालयाने ते स्वतःच्या औषधालयात बनवायला घेतलं. पुढे कच्च्या मालात अशुद्धी सापडल्याने ते थांबवावं लागलं. २०२१ मध्ये तिथल्या स्पर्धा नियंत्रकांनी कंपनीला अवाजवी किंमत लावल्याबद्दल जवळपास दोन कोटी युरोंचा दंड केला. या एका प्रकरणात प्रश्नाच्या दोन्ही बाजू आहेत. कंपनीची लूट खरी होती, आणि अशुद्ध कच्चा मालही खरा होता.

तरी किमतीच्या वादातलं सगळ्यात बोलकं प्रकरण मला वाटतं ते अकाली प्रसूती टाळण्याच्या इंजेक्शनचं. २००३ मध्ये एका मोठ्या चाचणीने दाखवलं की आधी अकाली प्रसूती झालेल्या स्त्रीला हायड्रॉक्सिप्रोजेस्टेरॉन कॅप्रोएटचं इंजेक्शन दर आठवड्याला दिलं, तर पुन्हा तसं होण्याची शक्यता कमी होते. बाजारात असं मंजूर औषध नव्हतं. स्त्रीरोगतज्ज्ञांनी ते औषधालयांकडून बनवून घेतलं, इंजेक्शनमागे दहा-वीस डॉलरला. फेब्रुवारी २०११ मध्ये ‘माकेना’ या नावाने त्याला मंजुरी मिळाली आणि कंपनीने किंमत ठेवली दीड हजार डॉलर. एका गरोदरपणात वीस इंजेक्शनं लागली तर तीस हजार डॉलर. कंपनीने औषधालयांना आता बनवणं थांबवा अशी पत्रं पाठवली. डॉक्टरांच्या आणि माता-बालकांच्या संघटना चिडल्या. ३० मार्च २०११ रोजी अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने जाहीर केलं की डॉक्टरांच्या वैध प्रिस्क्रिप्शनवर हे औषध बनवणाऱ्या औषधालयांवर आपण कारवाई करणार नाही. नियामकाने मंजूर औषधाऐवजी बनवून घेतलेल्या औषधाला असं उघड अभय देणं विरळाच. लगेच कंपनीने किंमत ६९० डॉलरवर आणली.

गोष्ट इथेच संपली असती तर ती डॉक्टरांच्या विजयाची ठरली असती. पण २०१९ मध्ये सुमारे सतराशे स्त्रियांवरच्या दुसऱ्या चाचणीत या औषधाचा फायदाच दिसला नाही, आणि एप्रिल २०२३ मध्ये मंजुरी मागे घेतली गेली. दहा डॉलरचं खरं की दीड हजाराचं, यावर सगळे भांडले, आणि ते कामाचं आहे का हा प्रश्न मागे राहिला. स्वस्त औषध मिळवून देण्याच्या तळमळीत मूळ पुरावा पुन्हा तपासायचा राहून जातो, आणि कळकळीचे डॉक्टर याला जास्त बळी पडतात.

आता २०१२कडे वळतो. या विषयावर डॉक्टरांशी कुठेही बोलणं निघालं तरी ते या वर्षाशी येऊन थांबतं. त्या सप्टेंबरमध्ये नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डॉक्टर एप्रिल पेटिट यांच्यापुढे एक विचित्र रुग्ण होता. मेंदूच्या आवरणाला बुरशीचा संसर्ग, आणि प्रतिकारशक्ती मात्र ठणठणीत. त्याला काही आठवड्यांपूर्वी पाठदुखीसाठी मणक्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन दिलं होतं. त्यांनी राज्याच्या आरोग्य विभागाला कळवलं आणि धागा मॅसॅच्युसेट्समधल्या फ्रेमिंगहॅमच्या न्यू इंग्लंड कंपाउंडिंग सेंटरपर्यंत गेला. तिथे बनलेल्या मेथिलप्रेडनिसोलोनच्या तीन लॉटमधल्या सतरा हजारांहून अधिक कुप्या २३ राज्यांतल्या ७६ दवाखान्यांत गेल्या होत्या. सुमारे चौदा हजार लोकांना त्यांतून इंजेक्शन मिळालं होतं. अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने दिलेल्या आकड्यांनुसार ७५३ जणांना संसर्ग झाला आणि ६४ जण मेले. पुढच्या खटल्यांत मृतांचा आकडा शंभरावर गेला. तपासात निर्जंतुक खोलीची दुर्दशा पुढे आली. खोलीचं वातानुकूलन रात्री बंद ठेवलं जात होतं आणि निर्जंतुकतेच्या चाचणीचा निकाल येण्याआधीच माल पाठवला जात होता. मालकाला आणि मुख्य फार्मासिस्टला तुरुंगवास झाला.

या घटनेत डॉक्टर कुठे होते, हा प्रश्न मला जास्त महत्त्वाचा वाटतो. त्यांनी परिरक्षक नसलेलं इंजेक्शन मागवलं ते चांगल्या हेतूने. परिरक्षकामुळे मज्जातंतूंना इजा होईल, अशी भीती वेदनाशामक शाखेत होती आणि आहे. शिवाय पुरवठा सहज होता आणि किंमत कमी. पण कायद्याला हवं होतं एकेका रुग्णाचं नाव, आणि दवाखान्यांना हव्या होत्या कपाटात ठेवायला शेकडो कुप्या. मग काही ठिकाणी रुग्णांच्या जुन्या याद्या जोडल्या गेल्या. खटल्यात तर कार्टूनमधल्या पात्रांच्या आणि नटांच्या नावांची प्रिस्क्रिप्शनंही निघाली. ज्या एका अटीवर सगळी सवलत उभी होती, ती अट सह्यांच्या पातळीवर कोलमडली होती. औषधालयाचा गुन्हा मोठा आहे, त्यात शंका नाही. पण डॉक्टरांच्या बाजूने ‘आम्हाला काय माहीत’ एवढंच म्हणता येत नाही.

नोव्हेंबर २०१३ मध्ये अमेरिकेत नवा कायदा आला. रुग्णाच्या नावाशिवाय मोठ्या प्रमाणावर निर्जंतुक औषधं बनवायची असतील तर वेगळी नोंदणी, कारखान्यासारखे उत्पादनाचे निकष, केंद्रीय तपासणी आणि दुष्परिणाम कळवण्याचं बंधन आलं. रुग्णालयं आता अशा नोंदणीकृत केंद्रांकडूनच घेण्याकडे कलली. रुग्णाच्या नावाने छोट्या प्रमाणावर काम करणारी औषधालयं मात्र प्रामुख्याने राज्यांच्या देखरेखीखाली राहिली, आणि दुष्परिणाम केंद्राला कळवणं त्यांना सक्तीचं नाही.

त्यामुळे ‘माझ्या रुग्णांना कधी त्रास झाला नाही’ या अनुभवाला किती वजन द्यायचं, ते ठरवावं लागतं. मी ते फार देत नाही. २००१ मध्ये अमेरिकी अन्न व औषध प्रशासनाने बारा औषधालयांतून २९ नमुने घेतले, त्यातले १० गुणवत्तेत नापास झाले. त्यातल्या नऊंत औषधाची मात्राच कमी होती. २००६ मध्ये ३६ पैकी १२ नमुने नापास. कारखान्यांच्या मालात हे प्रमाण दोन टक्क्यांच्या आत होतं. कमी ताकदीचं औषध रुग्णाला त्रास देत नाही. ते फक्त काम करत नाही, आणि डॉक्टरांना वाटतं आजारच चिवट आहे. मिसुरी राज्यातल्या कॅन्सस सिटीच्या एका फार्मासिस्टने केमोथेरपीची औषधं वर्षानुवर्षं पातळ करून विकली. हा उघड गुन्हा होता, तरी २००१पर्यंत तो लक्षात आला नाही. एका औषध कंपनीच्या प्रतिनिधीला विक्रीचे आकडे जुळेनात, आणि मग एका कर्करोगतज्ज्ञ डॉक्टरांनी नमुना प्रयोगशाळेत पाठवला. रुग्णांकडे बघून ते कोणालाही ओळखता आलं नव्हतं.

 

हौस या कारणाबद्दल मी कठोर आहे. २००२ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या महिला आरोग्य चाचणीने रजोनिवृत्तीनंतरच्या हार्मोन उपचारांचे धोके दाखवले आणि लाखो स्त्रियांनी गोळ्या सोडल्या. त्या पोकळीत ‘नैसर्गिक’, ‘शरीराशी तंतोतंत जुळणारी’, ‘लाळ तपासून तुमच्या मापाने बनवलेली’ हार्मोन आली. यातली इस्ट्राडायॉल आणि प्रोजेस्टेरॉन ही शरीरातल्यासारखीच हार्मोन मंजूर औषधांच्या रूपात बाजारात मिळतात. लाळेतल्या पातळीवरून डोस ठरवण्याला आधार नाही. मंजूर हार्मोनच्या खोक्यात धोक्यांची सूचना सक्तीची असते, बनवून घेतलेल्यात नसते. म्हणून सूचना नसलेलं औषधच सुरक्षित, असा उलटा समज पसरतो. प्रोजेस्टेरॉन कमी पडलं तर गर्भाशयाच्या अस्तराच्या कर्करोगाचा धोका वाढतो. अंतःस्रावतज्ज्ञांच्या आणि स्त्रीरोगतज्ज्ञांच्या अमेरिकी संघटनांनी विरोध नोंदवला. २०२० मध्ये तिथल्या राष्ट्रीय विज्ञान अकादमींच्या समितीनेही यांचा वापर मर्यादित ठेवावा, ॲलर्जी किंवा मंजूर रूपात न मिळणारा डोस अशाच कारणांपुरता, असं सुचवलं.

लिहून देणाऱ्या डॉक्टरांची बाजूही ऐकायला हवी. ते म्हणतात, या स्त्रियांची झोप उडालेली असते, घामाने त्या रात्री दोनदा कपडे बदलतात, आणि आधीच्या डॉक्टरांनी ‘वयाचं आहे’ म्हणून त्यांना परत पाठवलेलं असतं. हे खरं आहे, आणि आपल्याकडे तर अधिकच खरं आहे. त्या स्त्रियांना मिळालेला दिलासा बऱ्याच अंशी ऐकून घेण्याचा आहे. ते ऐकून घेणं मंजूर औषध लिहूनही करता येतं.

वेदनेवरच्या मलमांचं तसंच. केटामाइन, गॅबापेंटिन, क्लोनिडिन अशी औषधं एकत्र करून बनवलेली महागडी मलमं अमेरिकी सैनिकांच्या विम्यावर इतकी खपली की २०१५च्या आर्थिक वर्षात बनवून घेतलेल्या औषधांवर त्या विम्याचा खर्च दीड अब्ज डॉलरच्या वर गेला. लाच घेऊन, रुग्ण न पाहता सह्या करणारे डॉक्टर त्यात सापडले. २०१९ मध्ये वॉल्टर रीड लष्करी रुग्णालयातून ३९९ रुग्णांवरची चाचणी प्रसिद्ध झाली. मलम लावलेले आणि औषध नसलेलं मलम लावलेले, दोघांच्या वेदनेत म्हणण्यासारखा फरक नव्हता.

टंचाई या कारणाचं ताजं उदाहरण वजन उतरवणाऱ्या इंजेक्शनांचं आहे. २०२२पासून सेमाग्लुटाइडचा तुटवडा जाहीर झाला आणि तुटवड्याच्या काळात औषधालयांना त्याच औषधाची नक्कल करायला वाट मिळाली. मंजूर इंजेक्शनला तेव्हा महिन्याला हजार डॉलरच्या आसपास पडत, बनवून घेतलेल्याला त्याचा काही अंश. फोनवरून, पडद्यावरून प्रिस्क्रिप्शनं निघाली. मंजूर इंजेक्शन पेनमध्ये येतं, डोस आधीच ठरलेला असतो. बनवून घेतलेलं कुपीत येतं आणि रुग्णाला सिरिंजमध्ये स्वतः ओढावं लागतं. मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि इन्सुलिन सिरिंजवरची युनिटं यांत लोक गोंधळले. जुलै २०२४ मध्ये अन्न व औषध प्रशासनाने सांगितलं की काहींनी पाच ते वीस पट डोस टोचून घेतला आणि त्यांना रुग्णालयात जावं लागलं. २०२४च्या सुरुवातीलाच लठ्ठपणावर काम करणाऱ्या प्रमुख संघटनांनी एकत्र येऊन ही रूपं न वापरण्याचा सल्ला दिला होता. फेब्रुवारी २०२५ मध्ये सेमाग्लुटाइडचा तुटवडा संपल्याचं जाहीर झालं. मग कित्येक औषधालयांनी त्यात बी-१२ वगैरे घालून ‘हे वेगळं आहे’ म्हणायला सुरुवात केली. कायद्यातलं ते वाक्य, बदल त्या रुग्णासाठी महत्त्वाचा आहे हे डॉक्टरांनी ठरवायचं, इथे पुन्हा पणाला लागलं. हजारो रुग्णांसाठी एकच छापील कारण देणाऱ्या डॉक्टरांनी काहीच ठरवलेलं नसतं.

भारतात हा वाद अजून एवढ्या टोकाला गेलेला नाही, पण आपण त्याच्या बाहेर नाही. त्वचारोगात १९७५ साली मांडलेलं हायड्रोक्विनोन, ट्रेटिनॉइन आणि डेक्सामेथासोन यांचं क्लिगमन यांचं मिश्रण जगभर गाजलं. त्याची स्टिरॉइडयुक्त तयार भावंडं आपल्याकडे गोरेपणाची क्रीम म्हणून चिठ्ठीशिवाय विकली गेली आणि चेहरे बिघडले. त्वचारोगतज्ज्ञांच्या राष्ट्रीय संघटनेने त्याविरुद्ध मोहीम चालवली आणि २०१८ मध्ये अशा अनेक स्टिरॉइड मलमांना प्रिस्क्रिप्शनची अट आली. त्वचारोगतज्ज्ञ या बाबतीत जागे आहेत, कारण त्यांनी नुकसान डोळ्यांनी पाहिलं.

कच्च्या मालाचा प्रश्न तर आपलाच आहे. १९८६ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात औषध म्हणून दिलेल्या ग्लिसरीनमध्ये डायइथिलिन ग्लायकॉल हे विष निघालं आणि १४ रुग्ण मेले. न्यायमूर्ती लेंटिन आयोगाने खरेदीपासून तपासणीपर्यंतची सगळी साखळी उघडी पाडली. २०२५ मध्ये छिंदवाड्याच्या मुलांना तेच विष खोकल्याच्या सिरपमधून गेलं. त्यांतल्या अनेकांना नागपूरच्या रुग्णालयांत आणलं होतं, आणि वीसहून अधिक मुलं दगावली. ते सिरप परवाना असलेल्या कारखान्यातलं होतं. त्यामुळे ‘कारखान्याचं ते सुरक्षित’ असं भारतीय डॉक्टर सरसकट म्हणू शकत नाहीत. पण जिथे परवाना असूनही हे होतं, तिथे औषधालयाच्या मागच्या खोलीत वापरलेलं ग्लिसरीन कोणाकडून आलं आणि त्याची चाचणी झाली का, हे न विचारता पातळ औषध लिहून देणं मला धाडसाचं वाटतं.

बनवून घेतलेल्या औषधांचे निकष ठरवण्याच्या कामाला आपल्या वैद्यकीय महाविद्यालयांच्या बालरोग विभागांनी सुरुवात करावी. त्यांच्याकडे फार्मासिस्ट आहेत, प्रयोगशाळा आहेत आणि ज्यांना रोज गोळ्या कुटून दिल्या जातात अशी मुलं आहेत. वारंवार लागणाऱ्या पंचवीस-तीस औषधांची ताकद राज्यभर एकच ठरवावी, बनवण्याची कृती आणि टिकण्याचे दिवस लिहून काढावेत आणि गाझियाबादच्या इंडियन फार्माकोपिया कमिशनकडे ते मांडावेत. तोवर असं औषध लिहिणाऱ्या प्रत्येक डॉक्टरांना आजही करता येण्याजोगी गोष्ट म्हणजे चिठ्ठीवर तयार औषध का चालत नाही ते एका ओळीत लिहिणं, डोस मिलिग्रॅम आणि मिलिलिटर दोन्हींत लिहिणं, बाटली कोणत्या औषधालयात आणि कोणत्या ताकदीची बनवायची ते लिहिणं, आणि बनवणाऱ्या फार्मासिस्टला एकदा फोन करणं.